माल्टाची गाइडेड टूर: १,६१,४०० रुपये आणि १२० युरो कसे बुडाले

१,६१,४०० रुपये. आणि वर १२० युरो रोख. राजधानी वॅलेटा, एम्दिना हे तटबंदीचं जुनं शहर, शेजारचं गोझो बेट आणि हायपोजियम हे जमिनीखालचं प्राचीन दफनस्थान, सगळं गाइडसकट, गाडीसकट, तिकिटांसकट दाखवतो म्हणून आम्ही चौघांचे एवढे पैसे भरले. त्याच्या बदल्यात मिळाला परवान्याचा बिल्ला नसलेला एक पोरगा, तोही जेमतेम तासभर. कितीतरी दिवस मी हे कुणाजवळ बोलले नाही. माहेरी अजूनही ‘सहल छान झाली’ असंच सांगितलंय. पण ही टूर विकणारा माणूस आता नवी जाहिरात फिरवतोय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

आधी एक स्पष्ट करते. स्वस्तात मिळतंय म्हणून आम्ही भुललो नाही. विमान आणि हॉटेल आमचं आम्हीच बुक केलं होतं. फक्त स्थलदर्शनाचे माणशी ३४,७५० रुपये म्हणजे दर चांगला चढाच होता. नाव कळलं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यांनी दिलं त्यांची याच माणसाबरोबरची आधीची सहल व्यवस्थित पार पडली होती. माणूस मराठी, बोलणं घरच्यासारखं, ‘ताई, तुम्ही निर्धास्त राहा’. शेंगेन व्हिसासाठी लागणारा दिवसवार कार्यक्रम त्यानेच करून दिला आणि व्हिसा मिळालाही. माणसाने अजून काय तपासायचं असतं?

माल्टा निवडलं ते नानांसाठी. माझे सासरे, वय ७४, हयात गडकोटांवर गेली. तुर्कांनी माल्टाला घातलेला १५६५ चा वेढा त्यांना तोंडपाठ आहे. सेंट एल्मोचा किल्ला महिनाभर झुंजून २३ जूनला पडला, पण त्या महिन्यात तुर्कांचं इतकं नुकसान झालं की सप्टेंबरात त्यांना वेढा उठवावा लागला. आणि पुढच्याच वर्षी, १५६६ मध्ये, त्या किल्ल्यामागच्या उघड्या टेकडीवर माल्टा राखणाऱ्या शूरवीरांच्या संघाचा प्रमुख, ग्रँड मास्टर ला वॅलेत, याने नव्या शहराचा, म्हणजे वॅलेटाचा, पाया घातला. ते बुरूज नानांना डोळ्यांनी पाहायचे होते आणि कुणीतरी जाणत्याने समजावून सांगायला हवं होतं. गुडघे दुखतात, म्हणून गाडी हवी होती. गाइडवर पैसे खर्च केले ते एवढ्यासाठी, चैन म्हणून नाही.

पैसे असे गेले. बुकिंगला अर्धे, ६९,५०० रुपये. मग पंधरवड्याने ‘हायपोजियमचा कोटा सुटलाय, आजच कन्फर्म करावं लागेल’ म्हणून वेगळे २२,४०० रुपये. निघण्याच्या आठवड्यात उरलेले ६९,५००. तिन्ही वेळा यूपीआयने. पैसे पाठवताना पडद्यावर नाव यायचं ते त्याच्या टूर्सचं नाही, कुणा भलत्याच व्यक्तीचं. विचारलं तर म्हणाला, ‘ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, चालू खात्याचं काम सुरू आहे.’ कंपनीच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपयासुद्धा पाठवू नका. आणि परदेशातल्या सहलीचे पैसे शक्यतो क्रेडिट कार्डानेच भरा. कार्डाला सेवा मिळाली नाही म्हणून पैसे परत मागायची सोय असते, व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने पाठवलेल्या पैशांना तसं काही नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याच्या पीडीएफमध्ये गोझोच्या दिवसात लिहिलं होतं, ‘अझूर विंडो: ३० मिनिटे फोटो स्टॉप’. खाली मोठा रंगीत फोटो. समुद्रात उभी ती दगडी कमान, माल्टाच्या प्रत्येक जुन्या पोस्टरवर असते ती. माझा मुलगा दहावीत आहे, त्याने जेवताना फोनवर बघून सांगितलं, ‘आई, हे तर पडलंय.’ मी तेव्हाच त्या माणसाला मेसेज टाकला. त्याचा व्हॉइस मेसेज आला, तो मी अजून जपून ठेवलाय: ‘ताई, वरचा थोडा भाग गेलाय, फोटो तस्साच येतो. मागच्याच महिन्यात ग्रुप नेला होता.’

थोडा भाग! अझूर विंडो ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. कमान गेली आणि तिला समुद्रातून आधार देणारा खांबही गेला. तिथे आता नुसतं पाणी आहे. मागच्या महिन्यात ग्रुप नेलेला माणूस असं बोलूच शकत नाही. तो माणूस गोझोला आयुष्यात गेलेला नाही, हे त्या एका वाक्यात स्पष्ट होतं. तेव्हा आमचे फक्त ६९,५०० गेले होते. तिथेच थांबलो असतो तर बाकीचे ९१,९०० आणि ते युरो वाचले असते. पण त्या पीडीएफकडे मी आणखी बारकाईने कधी बघणार होते? शाळेचं वर्ष संपत होतं, पेपर तपासणी चालू होती, नानांच्या गुडघ्याची फिजिओथेरपी चालू होती. समोरचा माणूस ठामपणे, मराठीत, ताई म्हणून सांगतोय. आपण त्याला खोटं कसं म्हणायचं?

नंतर तोच कागद नीट वाचला तेव्हा एकेक ओळ बोलायला लागली. ‘एम्दिना शहर प्रवेश शुल्क, माणशी १० युरो.’ एम्दिनाच्या वेशीवर कुणी तिकीट फाडत नाही, १७२४ च्या त्या दरवाजातून कुणीही फुकट आत जातं. आतल्या कॅथेड्रलला आणि संग्रहालयांना तिकीट आहे, शहराला नाही. ‘गाडीने एम्दिनाच्या आतपर्यंत.’ तिथे रहिवाशांच्या आणि मोजक्याच परवानगीच्या गाड्या जातात, टूरची गाडी बाहेरच थांबते. ‘गोझो फेरी, जाताना १५ युरो, येताना १५ युरो.’ माल्टाच्या चिर्केव्वा धक्क्याहून गोझोला जाताना तिकीटच नसतं, पैसे परतताना गोझोतल्या म्जारच्या धक्क्यावर घेतात, आणि तेही पायी माणसाला पाच युरोंच्या आत. ‘रविवार: सेंट जॉन्स को-कॅथेड्रल.’ रविवारी ते पर्यटकांना बंद असतं, प्रार्थनेपुरतंच उघडतं. ज्याला हे माहीत नाही त्याने वॅलेटाची टूर विकायची? कुठल्याही टूरचा कार्यक्रम हाती आला की त्यातली दोन ठिकाणं घ्या आणि त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर वार, वेळ आणि दर स्वतः ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्या रविवारी सकाळी ट्रायटन कारंज्यापाशी एक पोरगा आला. मराठी येत नव्हतं, हिंदी तोडकंमोडकं, इंग्रजीही तसंच. गळ्यात काही नाही. माल्टात गाइडला परवाना लागतो आणि फोटो असलेला बिल्ला अंगावर दिसेल असा लावावा लागतो. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही पहिल्या मिनिटाला मागा. बिल्ला नाही तर पाय उचलू नका. नगराच्या प्रवेशाशी उभं राहून त्याने सांगितलं की हे शूरवीरांनी बांधलंय. नाना दगडाला हात लावून म्हणाले, ‘ही घडण जुनी नाही.’ नाही हो नाही, तो प्रवेश आणि शेजारचं संसद भवन रेन्झो पियानो या इटालियन वास्तुविशारदाने या शतकात उभं केलंय, काम २०१५ च्या सुमारास पुरं झालं. कॅथेड्रलपाशी आल्यावर म्हणे दुरुस्तीसाठी बंद. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ मध्ये काढलेलं संत योहानाच्या शिरच्छेदाचं चित्र त्याच इमारतीत आहे, त्याने सही केलेलं एकमेव चित्र. त्याचं नावही या पोराच्या तोंडून आलं नाही. मग म्हणाला एम्दिनाच्या गाडीचे १२० युरो रोख द्यावे लागतील, ‘ऑफिस नंतर ॲडजस्ट करेल’. ह्यांनी भारतात फोन लावला. त्या माणसाने उचलला आणि ‘हो दादा, देऊन टाका, मी बघतो’ म्हणाला. दिले. गाडी आणतो म्हणून पोरगा गेला तो गेला. नाना उन्हात कारंज्याच्या कडेला बसून. त्यानंतर भारतातलाही फोन बंद.

पुढचा घाव हायपोजियमचा. ते पाओलात जमिनीखाली खोदलेलं, पाच हजार वर्षांहून जुनं दफनस्थान आहे, १९०२ मध्ये सापडलं, १९८० पासून जागतिक वारसा. आतली हवा बिघडू नये म्हणून एका वेळी फक्त १० माणसं आत सोडतात आणि दिवसाला मोजक्याच फेऱ्या, एकूण ८० माणसं. आमच्या तथाकथित तिकिटावर छापलं होतं, ‘ग्रुप: १८’. दारातल्या बाईंनी कोड तपासला, यादी तपासली, आमची नावं कुठेच नव्हती. त्या फार नीट बोलल्या, पण करणार काय. या जागेची तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात आणि ती हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही स्वतः काढता येतात, मूळ दर साधारण ३५ युरो. आमच्याकडून माणशी ५,६०० रुपये घेतले. दुसऱ्या दिवसाची थोडी तिकिटं आदल्या दिवशी सेंट एल्मोच्या किल्ल्यावर विकतात हेही तिथे गेल्यावरच कळलं, आणि तोवर ती संपली होती. किल्ला मात्र आम्ही आमचं तिकीट काढून पाहिला. वॅलेटाहून एम्दिनाला ५१, ५२, ५३ नंबरची बस जाते, तीही मोजक्या युरोंत. ते सगळं आपलं आपल्याला जमलं असतं, हे जास्त लागतं.

आता तक्रारीचं सांगते, कारण खरा मनस्ताप तिथून सुरू झाला. वॅलेटात पोलिसांनी लिहून घेतलं, पण म्हणाले की माणूस भारतात, खातं भारतात, तिकडेच तक्रार करा. परत आल्यावर आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, ‘घटना कुठे घडली? माल्टा? मग तिथे द्यायची ना तक्रार!’ कागद दाखवले. मग म्हणे ही व्यवहारातली बाब आहे, दिवाणी आहे, वकील करा. मग म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही पैसे स्वतःच्या हाताने पाठवलेत, यात सायबर काय? हवालदारसाहेबांनी नानांसमोर विचारलं, ‘एवढ्या लांब जायचं कशाला होतं?’ त्या वयाच्या माणसाला खाली मान घालून बसावं लागलं. फसवणूक करणारा मोकळा आणि प्रश्न विचारायचे ते आम्हाला!

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. १ जुलै २०२४ पासून तो कायदा लागू आहे. फसवणुकीचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८. मी हे छापून नेलं तेव्हा कुठे अर्जावर पोच मिळाली. नुसती पोच. एफआयआर अजून नाही. तुम्ही जाल तेव्हा कलमं लिहून न्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेची तऱ्हा तीच. व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, म्हणजे तो अनधिकृत नाही, म्हणजे आमची जबाबदारी नाही. बरं, ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव द्या तर गोपनीयता. माझे पैसे गेले आणि गोपनीयता त्याची जपायची! शाखेतून मुख्यालय, मुख्यालयातून ईमेल, ईमेलला ठरावीक उत्तर, खाली ‘आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत’. हे वाक्य वाचून मी रडलेय. फसवणूक कळल्या क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर नोंद करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले गेले तरच हाती लागतात. आम्ही सहल अर्धी टाकून कागदपत्रांमागे लागलो नाही कारण नानांचे उरलेले दिवस तरी धड जावेत असं वाटलं. त्यात आमचं चुकलं असं मी मानत नाही.

त्याच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. लॉगिन लागत नाही, कुणालाही बघता येतं. तो निघाला एका हार्डवेअरच्या दुकानाचा. हेसुद्धा पैसे भरायच्या आधी करा.

आता ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही. एवढी साधी माहिती पोलीस ठाण्यात किंवा बँकेत एकानेही दिली नाही.

आमच्याच सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी त्याच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत ऱ्होड्सच्या जुन्या शहराची टूर घेतलीय. ग्रीसमध्येही गाइडला परवाना लागतो, तो नंबर आधी मागून घ्या असं त्यांना सांगितलं. एकांनी मागितला, उत्तर आलं नाही, त्यांनी दुसरा हप्ता थांबवलाय. दुसऱ्यांना अजून वाटतंय की आमच्या वेळी काहीतरी गैरसमज झाला. ‘अकाउंटंटच्या’ खात्यावर तुम्हीही पैसे पाठवले असतील तर यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, पीडीएफ आणि त्याचे व्हॉइस मेसेज जपून ठेवा आणि स्वतःच्या नावाने तक्रार नोंदवा. मी एकटी गेले की ती दिवाणी बाब ठरते. एकाच खात्याविरुद्ध दहा तक्रारी टेबलावर आल्या तर काय उत्तर देतात, ते मला बघायचंय.