निओडिमियम की समेरियम? चुंबक घेताना आधी तापमान बघा

एका लहानशा डबीच्या झाकणात मी निओडिमियमची चकती इपॉक्सीने चिकटवली. इपॉक्सी लवकर घट्ट व्हावा म्हणून अख्खं झाकण १२० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये ठेवलं. चिकटलं छान, पण चुंबकातला दम गेला. आधी झाकण नखाने उचकटावं लागायचं, आता डबी उलटी केली की गळून पडायचं. चकती होती ‘एन५२’, म्हणजे बाजारातल्या सगळ्यात ताकदवान प्रतींपैकी एक. आणि माझं चुकलं ते तिथेच: मी ताकदीचा आकडा पाहिला, उष्णतेचा पाहिलाच नाही.

दुर्मीळ मृदा धातूंचे चुंबक घ्यायचे म्हटलं की पर्याय मुख्यतः दोन. निओडिमियम-लोह-बोरॉन आणि समेरियम-कोबाल्ट. एन५२ मधला ५२ हा चुंबकातल्या ऊर्जेचा आकडा, मेगागॉस-ओर्स्टेड या एककात. समेरियम-कोबाल्टचा आकडा साधारण १६ ते ३२ इथेच थांबतो. एवढंच पाहिलं तर निवडायला काही उरतच नाही. पण निओडिमियमच्या आकड्यानंतर अक्षर नसेल, तर तो चुंबक ८० अंश सेल्सियसपर्यंतच भरवशाचा. पुढे ‘एम’ असेल तर १००, ‘एच’ला १२०, ‘एसएच’ला १५०, ‘यूएच’ला १८० आणि ‘ईएच’ला २००. या मर्यादा वाढवण्यासाठी सहसा डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. हे धातू निओडिमियमपेक्षाही महाग, आणि ते घातले की ताकदीचा आकडा उतरतो. ५२ची ताकद आणि २०० अंशांची सहनशक्ती एकाच तुकड्यात मिळत नाही.

समेरियम-कोबाल्टला यातली बरीच कसरत करावी लागत नाही. त्याचा १:५ प्रकार (हे समेरियम आणि कोबाल्टच्या अणूंचं प्रमाण) सुमारे २५० अंशांपर्यंत आणि २:१७ प्रकार ३०० ते ३५० अंशांपर्यंत चालतो. ज्या तापमानाला चुंबकत्व पुरतं नाहीसं होतं ते क्युरी तापमान निओडिमियमच्या संयुगासाठी सुमारे ३१२ अंश आहे, समेरियम-कोबाल्टसाठी ७०० अंशांच्या वर.

आणखी एक फरक सहज नजरेआड होतो. मर्यादेच्या आत असतानाही तापमान एक अंश वाढलं की निओडिमियम सुमारे ०.१२ टक्के मंदावतो, समेरियम-कोबाल्ट ०.०४ टक्क्यांच्या आसपास. ५० अंशांच्या चढउतारात हे अनुक्रमे ६ आणि २ टक्के होतात. गार झाल्यावर ही घट भरून निघते (माझ्या झाकणाची निघाली नाही, कारण तिथे मर्यादाच ओलांडली होती). दार बंद ठेवणाऱ्या चुंबकाला याने काही फरक पडत नाही. मोजमापाच्या उपकरणाला पडतो. आकारही लक्षात घ्या. पातळ चकतीचं चुंबकत्व त्याच प्रतीच्या उंच तुकड्याच्या आधी उतरतं, म्हणून ८० अंश ही मर्यादासुद्धा पातळ चकतीसाठी जरा जास्तच समजावी.

पाण्याशी निओडिमियमचं जमत नाही. वजनाने त्यात सुमारे दोनतृतीयांश लोखंड असतं, आणि कणांच्या सांध्यातला निओडिमियम त्याहून लवकर सडतो. म्हणून त्याच्यावर निकेल-तांबं-निकेल असा मुलामा चढवतात. माझ्याकडच्या एका तुकड्याचा कोपरा आपटून उडाला. दमट जागेत काही महिने राहिल्यावर मुलामा अंड्याच्या टरफलासारखा सुटला आणि आतून तपकिरी भुकटी झडायला लागली. समेरियम-कोबाल्ट बहुधा मुलाम्याशिवायच वापरतात. मात्र तो जास्त ठिसूळ. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की कडा उडतेच.

गंमत म्हणजे हे दोन्ही धातू निघाले एकाच चुकीतून. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी १८४१ मध्ये ‘डिडिमियम’ नावाचं मूलद्रव्य सापडल्याचं जाहीर केलं. नावाचा अर्थ जुळं, म्हणजे लँथेनम या धातूचं जुळं. ते मूलद्रव्य नव्हतंच, मिश्रण होतं. १८७९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी समार्स्काइट खनिजातून काढलेल्या डिडिमियममधून समेरियम वेगळा केला. खनिजाला नाव होतं समार्स्की-बिखोवेत्स या रशियन खाण अधिकाऱ्याचं, त्यामुळे आडवाटेने का होईना, माणसाचं नाव लागलेलं हे पहिलं मूलद्रव्य ठरलं. १८८५ मध्ये व्हिएन्नात कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी उरलेल्याचे पुन्हा दोन भाग केले: प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम, म्हणजे ‘नवं जुळं’. त्यात भर म्हणजे समेरियम-१४७ हा समस्थानिक हळूहळू निओडिमियम-१४३ मध्ये बदलतो. अर्धायुष्य सुमारे १०,६०० कोटी वर्षं, आणि याच घड्याळावर अतिप्राचीन खडकांचं वय काढतात.

चुंबक म्हणून समेरियम आधी आला. १९६०च्या दशकात अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनाट यांच्या कामातून. पण कोबाल्टचा मोठा पुरवठा झाईरमधून (आजच्या काँगो प्रजासत्ताकातून, राजधानी किन्शासा) व्हायचा. १९७८ मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, भाव भडकले आणि कोबाल्टशिवाय भागेल का याचा शोध सुरू झाला. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघं वेगवेगळ्या वाटांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला निओडिमियम, लोखंड आणि थोडासा बोरॉन या मेळापर्यंत पोहोचले. लोखंड मुबलक, आणि निओडिमियमही भूकवचात समेरियमच्या कित्येक पट. आज हार्ड डिस्क, विजेवरच्या गाड्यांच्या मोटारी, पवनचक्क्या यांत निओडिमियमचंच राज्य आहे. समेरियम-कोबाल्ट उरला तो उपग्रह, क्षेपणास्त्रं आणि तेलविहिरींच्या तळाशी जाणारी अवजारं अशा तापत्या जागी.

पुरवठ्याचा प्रश्न मात्र अजून आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्या यादीत समेरियम होता, डिस्प्रोसियम आणि टर्बियमही होते, निओडिमियम नव्हता. म्हणजे साधा निओडिमियम चुंबक त्यातून सुटला, पण डिस्प्रोसियम घातलेला उष्णता सोसणारा प्रकार आणि समेरियम-कोबाल्ट दोन्ही अडकले. मोठ्या संख्येने माल घ्यायचा असेल तर हे आधीच हिशेबात धरा.

मग घ्यायचा कोणता? काम खोलीच्या तापमानाला, कोरड्यात आणि जागा कमी असेल, तर निओडिमियमच घ्या. समेरियम-कोबाल्टवर जास्तीचे पैसे घालवू नका. एन५२चा हट्टही नको. एन४२ बहुतेक कामांना पुरतो, आणि रंगाचा जाड थर किंवा पातळ पत्रा मध्ये आला की कागदावरची ताकद तशीही निम्म्यावर येऊ शकते. १०० ते १५० अंशांच्या पट्ट्यात एच किंवा एसएच प्रत मागा, आणि विक्रेत्याला अक्षर सांगता आलं नाही तर चुंबक ८० अंशांचाच समजा. १८० अंशांच्या वर, फार थंडीत, खाऱ्या हवेत, किंवा मोजमापाचा आकडा हलता कामा नये अशा उपकरणात समेरियम-कोबाल्ट. मोटारीसाठी घेत असाल तर गुंडाळीच्या आत किती तापतं ते मोजा, बाहेरच्या कवचावर हात ठेवून अंदाज करू नका.

दोन्हींपैकी कुठलाही घेतलात तरी त्याला भोक पाडायला जाऊ नका. तुकडा फुटतो, आणि निओडिमियमची भुकटी पेट घेते. भोक हवं असेल तर भोकाचाच चुंबक मागवा. माझ्या झाकणात आता एन४२ची नवी चकती आहे, आणि इपॉक्सी या वेळी खोलीच्या तापमानाला, चोवीस तास ठेवून.