बल्बासॉरची कुंडी: रूप गोड, पण भोक कुठाय?

बल्बासॉर या पोकेमॉनच्या आकाराची ही कुंडी लेकासाठी म्हणून मागवली, खरी हौस माझीच. फायररेड हा पोकेमॉनचा व्हिडिओ गेम खेळताना मी दर वेळी बल्बासॉरच निवडायचे. ब्रॉकचे दगडी पोकेमॉन, मिस्टीचे पाण्यातले, पहिल्या दोन्ही जिमचा, म्हणजे गेममधल्या लढतींच्या ठाण्यांचा, फडशा! १६व्या लेव्हलला तो वाढून आयव्हीसॉर व्हायचा, ३२व्या लेव्हलला व्हीनसॉर. चारमँडर हा आगीचा पोकेमॉन निवडणारे ब्रॉकपाशीच रडत बसायचे.

पोकेमॉनच्या यादीत ००१ नंबरचा हा बल्बासॉर गडी १९९६ पासून पाठीवर कंद घेऊन हिंडतोय. जपानीत त्याचं नाव फुशिगिदाने. म्हटलं तर ‘नवलच की!’, म्हटलं तर ‘नवलाचं बी’.

कुंडीचा रंग झकास, अंगावरचे गडद ठिपके आणि लाल डोळे हुबेहूब. तोंड मात्र आमटीच्या वाटीएवढं. आणि तळाला भोकच नाही! कुंडी विकता की पेनस्टँड? पहिलं सक्युलंट दहा दिवसांत कुजलं. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, ‘पाणी कमी घाला.’ शेवटी खिळा तापवून मीच तीन भोकं पाडली. एक जरा वाकडं पडलं, बशी ठेवावी लागते.

आता पाठीवर कोरफडीचं पिल्लू लावलंय. लेक रोज विचारतो, ‘आई, आयव्हीसॉर कधी होणार?’ पाचपैकी तीन तारे, तेही डोळ्यांसाठी.