मार्स सोसायटी की प्लॅनेटरी सोसायटी? मंगळासाठी काही करू इच्छिणाऱ्यांसाठी एक तुलना

मानवाने मंगळावर जावे असे ज्यांना मनापासून वाटते आणि त्या कामाला आपलाही हातभार लागावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासमोर बहुधा दोन संस्थांची नावे येतात: मार्स सोसायटी आणि प्लॅनेटरी सोसायटी. दोन्ही संस्था अमेरिकेत नोंदलेल्या व ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या आहेत आणि दोन्ही मोठ्या प्रमाणात वर्गणी व देणग्यांवर अवलंबून आहेत. त्यामुळे कोणत्याही एकीचे सभासद झाले तरी चालेल असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्यांची उद्दिष्टे बरीच वेगळी आहेत आणि भारतात राहणाऱ्या माणसाला त्यांच्याकडून मिळणाऱ्या संधी तर त्याहूनही वेगळ्या आहेत.

मार्स सोसायटीची स्थापना ऑगस्ट 1998 मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे झाली. तिचे संस्थापक, अंतराळ अभियंता रॉबर्ट झुब्रिन, यांनी 1990 मध्ये डेव्हिड बेकर यांच्यासह ‘मार्स डायरेक्ट’ ही योजना मांडली होती. परतीच्या प्रवासाचे सगळे इंधन पृथ्वीवरून वाहून नेण्याऐवजी, सोबत नेलेला थोडा हायड्रोजन आणि मंगळाच्या वातावरणात सुमारे 95 टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन व ऑक्सिजन तेथेच तयार करावा, हा त्या योजनेचा गाभा होता. नासाच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या रोव्हरवरील (मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीवरील) ‘मॉक्सी’ या उपकरणाने 2021 ते 2023 या काळात मंगळावरील हवेतून एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन वेगळा काढला. त्याची पद्धत निराळी असली, तरी मंगळावरील साधने वापरण्याचा विचार कागदापुरता नाही हे त्यातून सिद्ध झाले. संस्थेचे ध्येय निःसंदिग्ध आहे: माणसाने मंगळावर जावे, लवकर जावे आणि तेथे कायमची वस्ती करावी.

प्लॅनेटरी सोसायटी तिच्याहून जुनी आहे. कार्ल सेगन, ब्रूस मरे आणि लुईस फ्रीडमन यांनी 1980 मध्ये ती स्थापन केली आणि तिचे मुख्यालय कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे आहे. ग्रहांचे संशोधन, पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीचा शोध आणि लघुग्रहांच्या धोक्यापासून संरक्षण हे तिचे विषय असून मंगळ हा त्यांतील एक भाग आहे. मानवी मोहिमांना तिचा विरोध नाही. 2015 मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात माणसांनी 2033 मध्ये मंगळाच्या कक्षेत जावे आणि पृष्ठभागावर 2039 मध्ये उतरावे, असा टप्प्याटप्प्याचा आराखडा होता. वसाहतीच्या कल्पनेबद्दल मात्र बिल नाय यांनी संस्थेचे प्रमुख असताना जाहीरपणे शंका व्यक्त केली होती.

निवडीचा पहिला निकष हाच असावा, असे मला वाटते. मंगळावर सूक्ष्मजीव असण्याची शक्यता गृहीत धरून, पृथ्वीवरील जिवाणू तेथे पोहोचणार नाहीत याची काळजी किती घ्यावी, या एका प्रश्नावरही दोन्ही संस्थांच्या मनोवृत्तीतला फरक स्पष्ट होतो. झुब्रिन यांना या संदर्भातील कडक निर्बंध अनाठायी वाटतात आणि प्रशिक्षित माणूस रोव्हरपेक्षा कितीतरी वेगाने जीवसृष्टीचा शोध घेईल असे ते आग्रहाने मांडतात, तर प्लॅनेटरी सोसायटीचा कल सावधपणाकडे आहे. माझा स्वतःचा कलही या बाबतीत सावधपणाकडेच आहे, कारण एकदा दूषित झालेला पुरावा पुन्हा शुद्ध करता येत नाही. पण वसाहत हेच ज्याचे स्वप्न आहे, त्याला प्लॅनेटरी सोसायटीत कायम काहीतरी कमी पडल्यासारखे वाटेल, हेही तितकेच खरे आहे.

प्रत्यक्ष काम करण्याच्या बाबतीत मार्स सोसायटी निर्विवादपणे पुढे आहे. तिने 2000 मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील डेव्हन बेटावर, हॉटन या उल्काविवराच्या काठी, मंगळावरील निवासाची प्रतिकृती उभारली आणि त्यानंतर युटा राज्यातील हँक्सव्हिल गावाजवळच्या लाल वाळवंटात दुसरा तळ सुरू केला. युटातील तळावर साधारणपणे सहा-सात जणांची तुकडी दोन आठवडे राहते. कमांडर, अभियंता, हरितगृहाची देखभाल करणारा, आरोग्य व सुरक्षितता पाहणारा, वार्ताहर अशा भूमिका वाटून दिलेल्या असतात. बाहेर पडताना नकली अंतराळपोशाख घालावा लागतो, पाणी जपून वापरावे लागते, बहुतेक अन्न टिकाऊ व कोरड्या स्वरूपाचे असते आणि दिवसअखेर लेखी अहवाल पाठवावे लागतात. येथे मंगळासारखे, म्हणजे पृथ्वीच्या 38 टक्के, गुरुत्वाकर्षण नसते, किरणोत्सर्गही नसतो आणि दोन आठवड्यांवरून अडीच-तीन वर्षांच्या मोहिमेतील मानसिक ताणाचा अंदाज बांधणे धाडसाचे ठरेल. तरीही जाड हातमोजे घालून खडकाचा नमुना गोळा करायला किती वेळ लागतो, बिघडलेला पंप कोणी दुरुस्त करायचा आणि थकलेल्या माणसांमध्ये कामावरून वाद कसे होतात, हे अशाच ठिकाणी कळते. या तळाचे मोल मला यासाठी वाटते की सामान्य विद्यार्थी, शिक्षक किंवा डॉक्टरही तुकडीसाठी अर्ज करू शकतो. अडचण खर्चाची आहे: तुकडीचे शुल्क, विमानप्रवास आणि व्हिसा हा सगळा भार बहुधा स्वतःलाच उचलावा लागतो आणि भारतातून जाणाऱ्यासाठी ती रक्कम लहान नसते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी याच संस्थेची ‘युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज’ ही स्पर्धा 2007 पासून भरते आणि तिची अंतिम फेरी युटातील त्याच तळावर होते. आयआयटी मुंबईचा मार्स रोव्हर संघ या स्पर्धेत उतरला आहे आणि भारतातील इतर संस्थांचे संघही तेथे सातत्याने दिसतात. स्पर्धेत उतरवलेल्या रोव्हरचे वजन 50 किलोच्या आत ठेवावे लागते, चालवणाऱ्यांना तो डोळ्यांनी पाहता येत नाही आणि माती तपासणे, वस्तू पोहोचवणे, यंत्राची दुरुस्ती करणे व स्वतःचा मार्ग स्वतः शोधणे अशी कामे त्याच्याकडून करवून घ्यावी लागतात. वसाहतीवर विश्वास नसलेल्या विद्यार्थ्यालाही या स्पर्धेतून जे शिकायला मिळते, ते दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

प्लॅनेटरी सोसायटीच्या सभासदाला स्वतः हाताने करण्यासारखे फारसे काम नसते. तेथे त्याच्या पैशांतून काम उभे राहते. ‘लाइटसेल-2’ हे 32 चौरस मीटरचे सौरशिड असलेले यान जून 2019 मध्ये प्रक्षेपित झाले, केवळ सूर्यप्रकाशाच्या दाबाने त्याने आपली कक्षा बदलून दाखवली आणि नोव्हेंबर 2022 पर्यंत ते अवकाशात होते. हा सुमारे 70 लाख डॉलरचा प्रकल्प देणगीदारांच्या बळावर उभा राहिला. याखेरीज पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांची निरीक्षणे घेणाऱ्या हौशी खगोलनिरीक्षकांना संस्था ग्रहशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर यांच्या नावाने अनुदाने देते आणि त्यासाठी अमेरिकेबाहेरूनही अर्ज करता येतो. ज्याच्याकडे चांगली दुर्बीण, कॅमेरा आणि अंधारे आकाश आहे, अशा महाराष्ट्रातील निरीक्षकाने ही शक्यता गांभीर्याने तपासावी.

जाहीर पाठपुरावा हे दोन्ही संस्थांचे महत्त्वाचे काम आहे आणि नेमका तोच मुद्दा आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. दोघींचाही रोख अमेरिकी काँग्रेस आणि नासाच्या अर्थसंकल्पावर असतो. 2025 मध्ये नासाच्या विज्ञान विभागाचा निधी जवळजवळ निम्म्याने कमी करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा प्लॅनेटरी सोसायटीने त्याविरुद्ध मोठी मोहीम चालवली. या कामात तिची तयारी आणि सातत्य मार्स सोसायटीपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. परंतु लोकप्रतिनिधीवर दबाव मतदाराचाच पडतो. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या पत्राला तेथे वजन आहे. नाशिक किंवा मडगावहून केलेल्या सहीला ते नाही. म्हणून भारतातील वाचकाने केवळ या कामाकडे पाहून वर्गणी भरू नये.

नॅशनल स्पेस सोसायटी हा तिसरा पर्याय शाळकरी मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावा. मंगळापुरती मर्यादित नसलेली ही संस्था अंतराळातील वसाहतींच्या आराखड्यांची शालेय स्पर्धा घेते आणि तिच्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने भाग घेतात. आठवड्याला भेटणारी माणसे आणि आकाशदर्शन हवे असेल, तर मुंबईचे खगोल मंडळ किंवा 1944 मध्ये स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था यांच्याकडे जाणे अधिक योग्य ठरेल. युटाचा खर्च झेपणार नसेल, तर लडाखकडेही लक्ष ठेवावे: इस्रोच्या सहभागाने आणि आयआयटी मुंबईच्या साथीने नोव्हेंबर 2024 मध्ये लेह येथे अशाच स्वरूपाची अनुकरण-मोहीम झाली.

माझा सल्ला वयाप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे बदलेल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मार्स सोसायटीकडे वळावे. नोकरी करणाऱ्या, वाचनाची व विज्ञानाची आवड असलेल्या माणसाने, तसेच अमेरिकेतील मतदाराने प्लॅनेटरी सोसायटीचे सभासद व्हावे. दुर्बीण बाळगणाऱ्याने तिच्या अनुदानाचे नियम वाचावेत. रोव्हर स्पर्धेत उतरायचे असेल, तर निर्णय शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावा लागतो, कारण प्राथमिक आराखडा साधारणपणे डिसेंबरच्या सुमारास आणि लेखी अहवालासह चालत्या रोव्हरची चित्रफीत मार्चच्या सुमारास सादर करावी लागते व अंतिम फेरीसाठी संघांची निवड त्या दोन्हींवरून होते.