मित्रापासून जोडीदारापर्यंत: छोट्या गे प्रेमकथा काही महिने वाचल्यावर

पावसाळा लागला तेव्हापासून मी रात्री बहुतेक एकाच प्रकारच्या गोष्टी वाचतोय. दोघे जुने मित्र, दोघेही पुरुष, आणि त्या मैत्रीचं हळूहळू प्रेम होतं. बहुतेक इंग्रजीत, आणि सगळ्या छोट्या. विज्ञानकथा आणि फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या नियमांत ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा आणि तिथून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट. माझं वाचन या दोन मापांत बसतं. सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहून घरी आल्यावर कादंबरी झेपत नाही. ही गोष्ट जेवणानंतर एका बैठकीत संपते.

हा प्रकार छोट्या लांबीला फार शोभतो. अनोळखी दोघांचं प्रेम जमवायचं तर निम्मी पानं ओळखीतच जातात. इथे ओळख आधीच झालेली असते. चांगला लेखक एका तपशिलात दहा वर्षं सांगून जातो: एकजण न विचारता दुसऱ्याच्या ताटातल्या मिरच्या वेचून घेतो, बस. आणि धोका मोठा असतो. नकार आला तर नुसता प्रियकर हुकत नाही, असलेला मित्रही जातो. ही भीती ज्या गोष्टीत खरी वाटली, ती मी दुसऱ्यांदा वाचली. त्यासाठी गोष्ट एकाच्याच नजरेतून हवी. दोघांच्याही मनातलं आलटूनपालटून कळायला लागलं की वाचणाऱ्याला धाकधूक उरत नाही, नुसती वाट बघायची.

पण इंग्रजी गोष्टी वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. तिथे गुडघ्याला गुडघा लागला की परिच्छेदभर हृदयाची धडधड. लॉजवर एकच पलंग मिळाला की कथेला कलाटणी. आपल्याकडे आयर्विन पुलावर, आमराईत, कॉलेजच्या कट्ट्यावर दोन पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसतात. एका गाडीवर तिघं फिरतात, उन्हाळ्यात गच्चीवर एकाच सतरंजीवर झोपतात, आणि कुणी वळूनही बघत नाही. ही मोकळीक आहे, आडोसाही आहे; पण स्पर्शातून काही कळण्याची सोय नाही. मग आपल्या मित्रांची गोष्ट वळणार कुठे? माझ्या मते, स्थळ येतं तिथे. मित्राची आई आपल्यालाच बोलावून म्हणते, ‘तूच समजाव रे त्याला, तुझं ऐकतो तो.’ बायोडाटा टाइप करायला आपल्याकडेच येतो. मुलगी बघायला जाताना गाडी चालवायलाही आपणच, आणि कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन सोफ्याच्या कडेला बसायचं. भारतीय लेखकांच्या ज्या थोड्या गोष्टी मला मिळाल्या त्यांतल्या सगळ्यात चांगल्या अशाच जागी घडतात. मराठीत अशा भरपूर याव्यात, ही माझी मनापासून इच्छा आहे.

आता तक्रारी. अपघात किंवा आजारपण आणून दवाखान्यात कबुली द्यायला लावणं मला मुळीच आवडत नाही. ‘आम्हाला तर कधीपासून माहीत होतं’ एवढं म्हणण्यापुरती येणारी मैत्रीणही नको. आणि कबुलीनंतर मैत्रीच गायब होते, हे सगळ्यात वाईट. कालपर्यंत एकमेकांची खेचणारे दोघं अचानक गोड गोड बोलायला लागतात. चहाचे पैसे कोण देणार यावर पुढेही भांडणारे दोघं मला जास्त खरे वाटतात.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. पुष्कळ गोष्टींत आयुष्यभर स्ट्रेट असलेला मित्र शेवटच्या दोन पानांत प्रेमात पडतो. मित्र बायसेक्शुअल आहे आणि लेखकाने ते आधीपासून नीट पेरलंय, तर उत्तम. पण नुसतंच मन बदललं असेल, आणि तुमचा स्वतःचा जिवलग मित्र स्ट्रेट असेल, तर ती आशा फार छळते. अशा गोष्टी टाळा.

शेवट गोड असण्याबद्दल लोक नाक मुरडतात, मी मुरडत नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने ‘मॉरिस’ ही पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि शेवट सुखाचाच असायला हवा असा आग्रह धरला. ती छापली गेली १९७१ साली, त्याच्या मृत्यूनंतर. सुखाच्या शेवटाला इतकी वाट पाहावी लागली, हे माहीत असलं की तो हलका वाटत नाही. फक्त अमेरिकी गोष्टीतलं शेवटचं लग्न मला परकं वाटतं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. त्यामुळे दोघं विश्रामबागेत भाड्याची खोली घेतात आणि घरमालक ‘मित्र मित्र राहतात’ म्हणून समाधानी असतो, एवढा शेवट मला पुरतो. तिशी ओलांडल्यावर तोच घरमालक काय विचारेल, हे लिहिणारा लेखक मिळाला तर आणखी आवडेल.

सुरुवात करायची असेल तर ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही वेबसाइट बघा. फुकट आहे, जाहिराती नाहीत. बहुतेक लेखन फॅनफिक्शन, म्हणजे आधीच्या पुस्तकांतली-सिनेमांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेलं, पण ‘ओरिजिनल वर्क’ निवडलं की स्वतंत्र कथाही मिळतात. ‘फ्रेंड्स टू लव्हर्स’ हा टॅग लावा, शब्दमर्यादा पंधरा हजार ठेवा, फक्त पूर्ण झालेल्या कथा मागवा. शारीरिक वर्णन नको असेल तर रेटिंग आधी बघून घ्या. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, उतरवून घेता येतं, त्यामुळे नेट नसलं तरी वाचन थांबत नाही.