दिवाळीची पहाट: आकाशवाणी की खासगी एफएम?

नरकचतुर्दशीला अंगाला उटणं लागत असताना रेडिओवर सनई आणि मग नरकासुरवधाचं कीर्तन, हा आकाशवाणीचा जुना शिरस्ता. पुणे केंद्र १९५३ पासूनचं. तिथं अभंग, नाट्यगीतं, भावगीतं निवांत लागतात, शिवाय गायकासोबत गीतकार-संगीतकारांचीही नावं सांगतात. (आमची निम्मी संगीतशिकवणी ती नावं ऐकूनच झाली.) खासगी एफएमवर आरजेच्या गप्पा, श्रोत्यांचे फोन, सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती आणि बरीचशी हिंदी चित्रपटगीतं. पाहुण्यांकडे निघताना गाडीत तेच बरं वाटतं, झोप उडते. अभ्यंगस्नानाला मात्र आमच्याकडे आकाशवाणीच. एफएमची पाळी फराळ उरकल्यावर, म्हणजे नऊ-साडेनऊला.