जत्रेच्या नाटकाला मानधनावरचा दिग्दर्शक: पैसे कशाचे द्यायचे?

गोव्यात जत्रेच्या नाटकात नट गावचे, प्रॉम्प्टर गावचा, पडदा ओढणारासुद्धा गावचा. दिग्दर्शक मात्र बहुतेक वेळा बाहेरून आणलेला. एकच माणूस एका हंगामात तीन-चार गावांची नाटकं बसवतो, प्रत्येक ठिकाणी त्याला 'सर' म्हणतात, आणि नाटक पडलं की प्रत्येक ठिकाणी त्याच्या नावाने बोटं मोडतात. जुन्या संगीत कंपन्यांत तालीममास्तर पगारावर असायचा आणि कंपनीबरोबरच फिरायचा. आजचा सर स्कूटरवरून येतो, तालीम घेतो आणि उद्या दुसऱ्या गावात असतो. ही सेवा घ्यावी का? घ्यावी. पण पैसे नेमके कशाचे देतोय हे कळून घ्यावी.

मंडळं दिग्दर्शकाला विचारतात स्पर्धेतली बक्षिसं. विचारायला हव्यात तारखा. जत्रा तिथीने येतात, आणि कार्तिकापासून माघापर्यंत त्या एकमेकींच्या पाठीवर पडतात. दोन गावांच्या जत्रांत तीन दिवसांचं अंतर असेल तर शेवटच्या आठवड्यात सर एका गावात पूर्ण आणि दुसऱ्या गावात फोनवर असतात. पहिल्या बैठकीत एकच प्रश्न टाकावा: आमच्या नाटकाआधीच्या दहा दिवसांत तुमचं आणखी कुठे काय आहे? जो वही काढून तारखा दाखवतो तो चालेल. 'बघूया, जमवूया' म्हणणाऱ्याला चहा पाजून पाठवावा, मग तो कितीही मोठा असो.

तीन अंकी नाटकाला, नट हौशी असतील तर, ३४ ते ३७ तालमी लागतात. वाचनाच्या चार, अंकामागे सात-आठ, सलग प्रयोगासारख्या सहा, संगीत आणि प्रकाशासह दोन, रंगीत तालीम एक. वेळ साडेआठची ठरते आणि सुरुवात सव्वानवाला होते, हे गृहीत धरूनच हिशेब करावा. कोणी बँकेतून येतो, कोणी दुकान बंद करून, कोणी शिफ्ट संपवून. २० तालमींत बसवून देतो म्हणणारा दिग्दर्शक हालचाली बसवून देतो, नाटक नाही. उलट ६० तालमी मागणाराही टाळावा. चाळीस तालमींनंतर नटांचा उत्साह ओसरतो आणि विनोदी प्रवेश तर नटांनाच शिळे वाटू लागतात.

काम किती पक्कं आहे ते भिंतीवर दिसतं. चांगला दिग्दर्शक वाचन संपायच्या आत मोठा कागद लावतो. उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या ओळीत प्रवेश, ज्या प्रवेशात जे पात्र आहे तिथे फुली. एका नजरेत कळतं की मंगळवारी दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश घेतला तर फक्त चौघांना बोलवायचंय. कागद नसला की चौदा जण रोज येतात, त्यातले दहा बाकावर बसून मोबाइल बघतात, आणि तिसऱ्या आठवड्यात गळती लागते. ही गळती मंडळाला नटांचा आळस वाटते. दोष बोलावण्याचा असतो.

स्त्री भूमिकांचा मामला वेगळाच. गावातली मुलगी उभी राहिली तर उत्तम, नाहीतर अभिनेत्री मानधनावर येते, आणि ती दोन किंवा तीन तालमींपुरतीच. त्याआधीचा महिनाभर तिच्या जागी कोणीतरी पोरगा वही घेऊन वाक्यं वाचत असतो. इथे दिग्दर्शकाची खरी परीक्षा आहे. ती अभिनेत्री तेच नाटक दुसऱ्या गावात करून आली असेल तर तिच्या अंगात त्या गावच्या हालचाली बसलेल्या असतात. आपला नायक डावीकडे वळतो, ती उजवीकडे बघून रडते. शहाणा दिग्दर्शक तिला आधीच विचारतो की तिकडे हा प्रवेश कसा बसवला होता, आणि जमेल तिथे आपल्याच नटांना तिच्या बाजूने फिरवतो. दोन तालमींत तिला बदलण्यापेक्षा महिनाभर हाताशी असलेल्या पोरांना बदलणं सोपं. अहंकारी दिग्दर्शक उलटं करतो आणि प्रयोगाच्या रात्री ती पुन्हा उजवीकडेच बघते.

भाषेवर किती काम होतं, हेही तपासावं. नाटक मराठी, तालमीतली बोली कोकणी. कोकणीत तरुण मुलीबद्दल नपुंसकलिंगात बोलतात, 'तें आयलें', आणि त्या सवयीने रंगमंचावर 'ती आलं' असं निसटतं. कोकणी सानुनासिक स्वरांची ओढ मराठी शब्दांनाही लागते. सामाजिक फार्समध्ये हे खपतं, कधी गोडही वाटतं. ऐतिहासिक नाटकात सरदाराच्या तोंडी तेच आलं की मागच्या रांगेतून शिट्टी येते. यावर उपाय रागावण्याचा नाही, पहिल्या चार वाचनांचा आहे. पाठांतर झाल्यावर उच्चार सुधारत नाहीत, कारण चूकसुद्धा पाठ झालेली असते. वाचनं दोनवर आटोपणारा दिग्दर्शक पुढे महिनाभर तीच वाक्यं दुरुस्त करत बसतो.

आता रंगमंच. तालीम शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात, प्रयोग मांडवातल्या फळ्यांच्या रंगमंचावर. फळ्यांचा मंच २४ फूट बाय १६ फूट धरा. मागचा पडदा आणि त्याच्यामागून जाण्याची वाट तीन फूट खाते, दिवाणखान्याचं सामान आणखी तीन. नटांना खोलीत उरतात दहा फूट. तालमीच्या जागी खडूने किंवा सुतळीने हाच आराखडा आखून त्यात नाटक बसवलं तर पुढे त्रास नाही. न आखता बसवलं तर रंगीत तालमीला सोफ्याला ठेचा लागतात आणि अर्ध्या हालचाली जागच्या जागी मोडाव्या लागतात. दिग्दर्शकाने पहिल्या आठवड्यात मांडववाल्याला फोन करून मापं घेतली का, एवढंच मंडळाने विचारावं. उत्तर 'मागच्या वर्षीएवढाच असेल' असलं तर माप घेतलेलं नाही.

माइकची गोष्ट इतर कशाहूनही जास्त नाटकं पाडते. पुढे तीन माइक आणि वर टांगलेले दोन ही नेहमीची मांडणी. मागे तोंड करून बोललेलं वाक्य त्यात येत नाही, आणि फळीवर आपटलेली टाच मात्र बंदुकीसारखी येते. स्पीकरच्या पेट्या माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या अंगाला हव्यात. मंचाच्या रेषेत किंवा मागे ठेवल्या की आवाज पुन्हा माइकात शिरतो आणि शीळ सुरू होते. मग ध्वनिवाला आवाज खाली घेतो, आणि खाज्याच्या दुकानांसमोरची गर्दी, खेळणीवाल्यांचे भोंगे यांत संवाद बुडून जातो. हे सांभाळणं ध्वनिवाल्याचं काम खरं, पण हळू बोलायचा प्रवेश नेमका कोणत्या माइकपाशी बसवायचा हे दिग्दर्शकाचंच.

प्रकाशात हिशेब विजेचा. एक हजार वॅटचा हॅलोजन सुमारे ४.३५ अँपिअर घेतो. असे बारा एकदम लावले तर ५२ अँपिअर, म्हणजे देवळाच्या साध्या सिंगल फेज जोडणीचा विषयच नाही. १५ केव्हीएचा जनरेटर १२ किलोवॅटपर्यंत ओढतो, म्हणजे काठावर. त्यावरच ध्वनी टाकला की डिमर खालीवर करताना स्पीकरमधून गुणगुण येते. ध्वनीची लाइन वेगळी ठेवा, किंवा अर्धे दिवे एलईडी घ्या. तरी चेहऱ्यावर, निदान पुढच्या चार दिव्यांत, हॅलोजनच बरा. स्वस्त एलईडीत रंगभूषा राखाडी दिसते आणि म्हातारा नसलेला नटही म्हातारा वाटतो.

वेळेचं गणित आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सवलत देऊ शकतं, तीही रात्री १२ पर्यंतच. इकडे पालखी फिरून देवळात आल्याशिवाय नाटकाचा पडदा उघडत नाही. म्हणजे साडेतीन तासांचं संगीत नाटक पूर्ण हवं असेल तर बंदिस्त सभागृह बघावं लागतं. पणजीत कला अकादमी, मडगाव, साखळी आणि कुडचडे इथली रवींद्र भवनं, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर. मांडवातच करायचं तर संहिता सव्वादोन तासांत बसवायला हवी. यासाठी दिग्दर्शकाकडून काटछाट लेखी मागावी. पदं जाणार, उपकथानक जाणार, हे वाचनाच्या आधी ठरतं तेव्हा कोणी रुसत नाही. रंगीत तालमीला एखाद्याचा आख्खा प्रवेश कापला तर मंडळात दोन वर्षं बोलचाल बंद.

काटछाटीला जोडून लेखकाची परवानगी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात हौशी संस्थेने फुकट बघणाऱ्या प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला सूट आहे. पण ती सूट प्रयोगाची. संहिता बदलण्याची नाही. लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. परवानगीचं पत्र मंडळ पाठवणार की दिग्दर्शक, हे कागदावर असावं, कारण दोघंही दुसऱ्याने पाठवलं असेल असं धरून चालतात.

शिकून आलेला घ्यावा की गावच्या मंचावर घडलेला? नाट्यमहाविद्यालयातून आलेल्यांची वाचनं आणि तक्ते पक्के असतात, प्रकाशाची समज चांगली, पण काहींना मांडवातल्या गोंगाटाचा अंदाज नसतो. शांततेवर बसवलेला प्रवेश जत्रेत कोणाच्या कानापर्यंत जात नाही. गावात घडलेला दिग्दर्शक हशा-टाळ्यांच्या जागा अचूक ओळखतो, आणि प्रत्येक नाटक थोडंफार त्याच एका नाटकासारखं करून टाकतो. पहिल्यांदाच नाटक करणाऱ्या मंडळाला दुसरा बरा. दहा वर्षं तेच तेच करून कंटाळलेल्या मंडळाला पहिला.

मानधन तीन हप्त्यांत द्यावं: पहिल्या वाचनाला, पहिल्या सलग तालमीला, आणि प्रयोग संपल्यावर त्याच रात्री. सगळं आधी दिलेल्या मंडळांना शेवटच्या आठवड्यात सर सापडत नाहीत, आणि सगळं नंतर देणाऱ्यांकडे चांगला सर पुढच्या वर्षी येत नाही. पेट्रोल वेगळं मोजावं. पेडण्याहून फोंड्याला ३५ फेऱ्या म्हणजे मानधनाचा लचकाच. नुसत्या जत्रेच्या नाटकांवर वर्ष निघत नाही; पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ कोरडे, म्हणून हे लोक शाळांची स्नेहसंमेलनं, शिबिरं, स्पर्धेची नाटकं अंगावर घेतात. डिसेंबरात तुमच्या तालमीला ते दमलेले का येतात, त्याचं हे उत्तर. डिसेंबरची जत्रा असेल तर संमेलनं किती घेतलीत तेही विचारून ठेवावं.

कागदावर आणखी एक कलम हवं, जे जवळजवळ कोणी लिहीत नाही: सोयर-सुतक. प्रयोगाच्या चार दिवस आधी एखाद्या नटाच्या घरी सुतक आलं तर तो देवळाच्या आवारात उभा राहू शकत नाही. ज्याने प्रॉम्प्टरला पहिल्या दिवसापासून फक्त वाक्यं पुरवायला नाही, तर हालचालींसकट उभं राहून वाचायला लावलेलं असतं, त्या दिग्दर्शकाकडे बदली नट तयार असतो. मधल्या तालमीला अचानक जाऊन बघा, प्रॉम्प्टर खुर्चीत बसलाय की उभा आहे.