घरौंदा योजना: छपराच्या आधी रात्रपाळी बघा

'आमच्यानंतर याचं काय?' असं विचारणाऱ्या पालकांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही योजना आहे; आता ती 'समर्थ' या योजनेशी जोडून 'समर्थ-सह-घरौंदा' झाली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपैकी किमान एक असलेल्या 18 वर्षांवरील व्यक्तीला आयुष्यभराचा निवारा मिळावा, हा तिचा हेतू. केंद्र चालवते न्यासाकडे नोंदलेली संस्था. न्यासाचा कायदा 1999 चा, म्हणून अपंगत्वाचे प्रकार चारच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले, पण या योजनेचं दार तेवढंच राहिलं.

हेतू चांगला आहे, मात्र रचनेत एक उणीव आहे. मूळ घरौंदा योजनेत एका केंद्राचा हिशेब 20 जणांचा धरलेला होता. इतकी माणसं एकत्र आली की घराचं वसतिगृह होतं: आंघोळीला रांग आणि टीव्हीवर एकच चॅनेल. चांगल्या संस्था पाच-सहा जणांचे गट करतात आणि प्रत्येक गटाला ठरलेली ताई किंवा दादा देतात. बघायला जाल तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं कपाट आहे का, न्हाणीघराला आतून कडी आणि बाहेरून उघडायची सोय आहे का, ते पाहा.

सगळ्यात जास्त वेळ रात्रीच्या व्यवस्थेवर घालवा. दिवसा शिक्षक, थेरपिस्ट, स्वयंसेवक असतात. रात्री किती जण जागे असतात? 'झोपलेले' आणि 'जागे' वेगळे मोजा. फिट येणारी बरीच मुलं अशा केंद्रात असतात, आणि फिट पहाटेही येते. कर्मचाऱ्यांना विचारा, फिट आली तर काय कराल? कुशीवर वळवू, तोंडात काही घालणार नाही, घड्याळ बघू, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात नेऊ, असं उत्तर यायला हवं. कांदा किंवा चप्पल हुंगवू असं कोणी म्हणालं, तर तिथे प्रशिक्षण झालेलं नाही.

औषधांची वहीही उघडून बघा. गोळी रात्री 8 ची आणि पाळी बदलायची वेळही 8 ची, तिथे घोटाळा ठरलेला: एकजण समजतो दुसऱ्याने दिली, किंवा दोघेही देतात. फिटच्या गोळीचा एखादा डोस चुकणंही महागात पडू शकतं. दर डोसाला देणाऱ्याची सही हवी. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलेली वही एकाच शाईवरून ओळखू येते.

भेट रविवारी दुपारी ठेवा. कार्यशाळा बंद असते, हाताला काम नसतं, आणि ओरडणं, स्वतःला चावणं बहुधा अशाच वेळी वाढतं. दात किंवा कान दुखत असेल आणि सांगता येत नसेल, तरीही हेच होतं. म्हणून आधी तपासणी, मगच शांत करणारं औषध, असा क्रम पाळणारी संस्था निवडा.

मुलाला एकदम सोडून येऊ नका. आधी दोन रात्री, मग आठवडा, मग महिना. याच जोडयोजनेतला 'समर्थ' हा अल्पमुदतीच्या निवासाचा भाग यासाठी उपयोगी पडू शकतो. पालक धडधाकट असतानाच हे करावं. वडिलांच्या तेराव्यानंतर लगेच नवं घर म्हणजे मुलाला दुहेरी धक्का.

कागदपत्रांत एक मोठा गैरसमज आहे. मूल 18 चं झालं की आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारे, राहत नाहीत. त्या नियुक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. नियुक्तीनंतर 6 महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. हे पुढे भावंडाला झेपेल का, ते आजच विचारा.

निवासाबरोबर न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा घ्याच. 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही. पण पॉलिसीचं वर्ष 31 मार्चला संपतं; नूतनीकरण संस्था करणार की तुम्ही, हे प्रवेशाच्या करारातच लिहून घ्या.